तीन हजार हर्ट्झवरचा सांधा

“ताई, ही डबी लावलीच पाहिजे का?”

मिरजेतल्या माझ्या दुकानात हा प्रश्न सतत येतो. गिऱ्हाइकानं गाडीसाठी कंपोनंट स्पीकरचा संच आणलेला असतो. खोक्यात साडेसहा इंची दोन वूफर, एक इंची दोन ट्वीटर आणि काळ्या प्लास्टिकच्या दोन डब्या. वूफर दारात जातो, ट्वीटर आरशामागच्या त्रिकोणात नाहीतर काचेलगतच्या खांबावर जातो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. डबीचं काय करायचं ते मात्र कळत नाही. मग कुणीतरी ती खोक्यातच ठेवून देतो, वूफर आणि ट्वीटर एकाच वायरीला जोडतो आणि “वाजतंय की” म्हणून गाडी ताब्यात देतो. वाजतं खरं. पण ४ ओहमचा वूफर आणि ४ ओहमचा ट्वीटर असे समांतर जोडले की डेकला २ ओहमचा भार दिसतो, डेक तापायला लागतो, आणि पखवाजाचे ठोके ट्वीटरच्या केसासारख्या बारीक तारेत शिरतात. ती तार फार दिवस तग धरत नाही.

ही डबी म्हणजे पॅसिव्ह क्रॉसओव्हर. अख्ख्या संचात मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच असते. ती गाण्याचे दोन भाग करते, खालचा वूफरला आणि वरचा ट्वीटरला. बहुतेक संचांत ही वाटणी ३००० हर्ट्झच्या आसपास होते. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झमध्ये सगळ्यात तिखट असतो, आणि गाण्यातले शब्द कळतात तेही मुख्यतः याच पट्ट्यामुळे. म्हणजे गायकाच्या आवाजाला आपण नेमका जिथं कान टवकारलेला असतो तिथं सांधा पडतो. गाडीतलं स्पीकरचं वायरिंग चांगलं झालं की नाही हे मी त्या सांध्यावरून ठरवते. बास किती दणकतो यावरून नाही.

मुळात वाटणी करायची कशाला? एकच स्पीकर सगळं वाजवू शकत नाही म्हणून. आपण साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे १०० हर्ट्झच्या सुराची एक लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते आणि १०,००० हर्ट्झच्या सुराची साडेतीन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. खालचे सूर वाजवायला भरपूर हवा हलवावी लागते, म्हणून मोठा कागद आणि पुढेमागे लांब धाव हवी. वरच्या सुरांना उलट अगदी हलका पडदा लागतो, जो सेकंदाला दहा-दहा हजार वेळा थरथरू शकेल. साडेसहा इंची स्पीकरचा हलणारा कागद १३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. लहर त्याच्या मापाची झाली, म्हणजे साधारण अडीच हजार हर्ट्झच्या पुढे गेलं, की आवाज चहूकडे पसरायचा थांबतो आणि समोरच्या दिशेला अरुंद होत जातो. गाडीच्या दारातल्या स्पीकरच्या समोर काय असतं? पाय. टाळांचा खणखणाट शेजाऱ्याच्या पोटरीवर जाऊन आपटतो, कानापर्यंत येतच नाही. घरात स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवता येतो, म्हणून तिथं एका स्पीकरवर निभावून जातं. गाडीत ती सोय नाही.

आता डबी उघडून बघू. तांब्याच्या तारेची एक-दोन वेटोळी, दोन-तीन कपॅसिटर, एखादा सिरॅमिकचा पांढरा रेझिस्टर आणि जोडणीचे स्क्रू. बस्स, एवढंच. बाहेरून वीज लागत नाही, म्हणून ‘पॅसिव्ह’. तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला, विजेतला झपाट्यानं होणारा बदल सहन होत नाही. हळू बदलणारा खालचा सूर तिच्यातून सहज जातो, वरच्या सुराला ती अडवते. कपॅसिटरचं बरोबर उलटं. म्हणून वूफरच्या वाटेवर कॉइल आणि ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर. ४ ओहमच्या स्पीकरांसाठी ३५०० हर्ट्झवर सगळ्यात साधी वाटणी करायची तर सुमारे ०.१८ मिलिहेन्रीची कॉइल आणि ११ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. दोन्ही तळहातावर मावतात.

पण ही वाटणी भिंत घातल्यासारखी होत नाही, उतार असतो. आमच्या गावात हे समजावणं सोपं जातं, कारण इथं गाण्याचा कान असलेली माणसं बरीच. वरच्या सप्तकातल्या साची कंपनं खालच्या साच्या दुप्पट असतात. एका कॉइलच्या आणि एका कपॅसिटरच्या साध्या डबीत दर सप्तकाला ६ डेसिबलचा उतार मिळतो. म्हणजे वाटणीच्या जागेपासून दोन सप्तकं खाली गेलं तरी ट्वीटरला त्या सुरांची सोळावा हिस्सा ताकद पोचतच राहते. प्रत्येक वाटेवर एक कॉइल आणि एक कपॅसिटर अशी जोडी घातली की उतार १२ डेसिबलचा होतो, आणि तेवढंच खाली गेल्यावर ताकद सुमारे अडीचशेव्या हिश्श्यावर येते. ट्वीटरच्या जिवाच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. खूप स्वस्त संचात डबीच नसते, ट्वीटरच्या वायरीत एक बारका कपॅसिटर कोंबलेला असतो. तो ६ डेसिबलवालाच, आणि वूफरला तर काहीच अडवत नाही. अशा संचावर पैसे घालवण्यापेक्षा एकाच चौकटीत ट्वीटर बसवलेला बरा कोॲक्सिअल स्पीकर घ्या, असं मी स्पष्ट सांगते.

डबी कुणाचीही कुणालाही चालत नाही, हे मला सगळ्यात जास्त ठासून सांगावंसं वाटतं. गाण्याचे निवृत्त शिक्षक असलेले एक गुरुजी माझ्याकडे आले होते. छोटी हॅचबॅक, आणि गाडीत ऐकायचं ते फक्त शास्त्रीय. स्पीकर दुसरीकडून बसवून घेतलेले, चांगल्या प्रतीचे. तक्रार एका वाक्यात सांगितली, “पोरी, तानपुरा ऐकू येतो, पण त्याची जवारी गेली.”

जवारी म्हणजे काय ते मिरजेत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सतारमेकर गल्लीतले कारागीर घोडीचा माथा कानसून कानसून असा बेताचा उतार काढतात, की तार त्याला हलकेच घासत थरथरते आणि एका सुराच्या पोटातून वरचे सूर एकामागून एक फुलत जातात. मूळ षड्ज दीडशे हर्ट्झच्या आगेमागे असला तरी ते वरचे स्वरांश काही हजार हर्ट्झपर्यंत चढतात. म्हणून क्रॉसओव्हर तपासायला मला तानपुऱ्यासारखं दुसरं साधन सापडलेलं नाही. नुसता तानपुरा लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. सूर खालून वर सलग चढत गेला तर सांधा नीट आहे. मधेच पोकळी आली तर वाटणी चुकली आहे.

गुरुजींच्या गाडीत पोकळी होती. दाराचं पॅनल काढलं तर आत घरच्या टॉवर स्पीकरमधून काढलेली डबी. वस्तू उत्तम होती, हवेतली, म्हणजे लोखंडी गाभा नसलेली कॉइल, फिल्मचे कपॅसिटर, सगळं दणकट. पण घरचे स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात आणि गाडीतले ४ चे. कॉइल आणि कपॅसिटर कुठं अडवणार हे त्यांच्या स्वतःच्या आकड्यावर जितकं अवलंबून, तितकंच पुढं जोडलेल्या ओहमवर. ८ ओहमसाठी ३५०० हर्ट्झवर बेतलेल्या साध्या डबीला ४ ओहमचे स्पीकर जोडले की कपॅसिटर ७००० हर्ट्झपर्यंत ट्वीटरला नीट बोलू देत नाही, आणि कॉइल वूफरला १७५० पासूनच दाबायला लागते. मधली दोन सप्तकं अनाथ होतात. स, श, च ही अक्षरं, सारंगीच्या गजाचं घासणं, तबल्याच्या शाईवरची बोटं आणि गुरुजींची जवारी, सगळं त्या दोन सप्तकांत. स्पीकरला दोष नव्हता, डबीलाही नव्हता. दोघांची गाठ चुकीची बांधली होती.

उलटी चूकही होते. ४ ओहमची डबी ८ ओहमच्या स्पीकरला लावली तर पोकळीऐवजी दोन्ही स्पीकर एकमेकांवर चढतात आणि ट्वीटरला झेपणार नाहीत एवढे खालचे सूर त्याच्याकडे येतात. तिसरा प्रकार मोठ्या गाड्यांत. पुढच्या दारातला आणि मागच्या दारातला असे दोन्ही वूफर एकाच डबीच्या वूफरच्या स्क्रूला जोडतात. तिथं २ ओहम झाले, वाटणी निम्म्यावर घसरली आणि ॲम्प्लिफायरवर भार वाढला. मागच्या दारांना वेगळे चॅनल द्यावेत, आणि ते नसतील तर मागे साधे कोॲक्सिअल हलक्या आवाजात ठेवावेत. गाणं समोरून आलं पाहिजे. मागून येणाऱ्या आवाजासाठी पुढचा बिघडवू नये.

आता प्रत्यक्ष जोडणी. डबीवर तीन जोड्या लिहिलेल्या असतात: इनपुट, वूफर, ट्वीटर. प्रत्येक जोडीला अधिक आणि वजा. डेककडून किंवा ॲम्प्लिफायरकडून येणारी जोडी इनपुटला, बाकीच्या दोन नावाप्रमाणे. डाव्या बाजूला एक डबी, उजव्या बाजूला दुसरी. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डेकच्या वायरींचे रंग ठरलेले असतात: पांढरी डावी पुढची, करडी उजवी पुढची, हिरवी डावी मागची, जांभळी उजवी मागची. त्याच रंगाची काळ्या पट्टीची वायर म्हणजे त्या चॅनलची वजा. गाडीसोबत आलेल्या मूळ वायरिंगचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, तिथं अंदाज चालत नाही. मूळ वायरी कापूही नयेत. त्या गाडीच्या मापाचे कपलर मिळतात, ते मधे लावले की वॉरंटीचा वाद येत नाही आणि गाडी विकताना सगळं होतं तसं करता येतं.

वजा वायर म्हणजे गाडीची बॉडी, हा समज जुन्या मंडळींच्या हातात बसलेला आहे. दिव्याला, हॉर्नला ते चालतं. आजच्या डेकच्या स्पीकर वायरींना चालत नाही, कारण त्यात अधिक आणि वजा दोन्ही टोकं आतल्या ॲम्प्लिफायरनं हलवलेली असतात. १२ व्होल्टच्या गाडीतून जास्त ताकद काढायची ती युक्ती आहे. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टमधूनसुद्धा ४ ओहमवर स्वच्छ आवाजाची जास्तीत जास्त २६ वॅटच्या आसपास ताकद गणितानं निघते, प्रत्यक्षात त्याहून कमीच. डेकवर ५० वॅट छापलेलं असतं ते क्षणिक शिखराचं. त्यातली वजा वायर बॉडीला लागली तर आतली आयसी जाऊ शकते. म्हणून डबीच्या जोडणीचा एकही स्क्रू पत्र्याला टेकता कामा नये, आणि डाव्या-उजव्या डबीच्या वजा वायरी आपसात जोडायच्या नाहीत.

वायर कोणती? इथं लोक दोन टोकांना जातात. एक जण टेलिफोनची वायर ओढतो, दुसरा मीटरवर हजारो रुपये घालतो. हिशेब साधा आहे. ॲम्प्लिफायर सीटखाली आणि स्पीकर पुढच्या दारात असेल तर अंतर ४ मीटर धरा, जाऊन-येऊन ८. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तेवढ्या लांबीला पाव ओहमपेक्षा थोडा जास्त अडथळा येतो, ४ ओहमच्या मानानं सुमारे ७ टक्के. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत तो २ टक्क्यांवर येतो. दीडची वायर घ्या आणि पुढचा विचार सोडून द्या. बघायचं ते एवढंच, की ती तांब्याचीच आहे. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दिसायला तशीच असते. चाकूनं तार खरवडली की आत चंदेरी रंग दिसतो.

तारा पिळून वर काळी टेप गुंडाळणं मी माझ्या दुकानातल्या मुलांना कधीच करू देत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान ६० अंशांच्या घरात जातं, टेपचा डिंक पातळ होतो आणि टेप सुटून खाली लोंबकळते. सोल्डर करायचं, त्यावर हीट श्रिंक नळी चढवायची. उष्णतेचा त्रास डबीलाही होतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कायम तापत राहिला तर आतून वाळतो आणि त्याचा आकडा बदलत जातो. फिल्मचा कपॅसिटर टिकतो, पण तो प्रत्येक डबीत नसतो, म्हणून डॅशबोर्डच्या वरच्या कप्प्यात, काचेखाली, मी डबी ठेवत नाही.

दाराच्या तळाशी तर नाहीच नाही. कोकणातल्या गाड्या आंबा घाट चढून माझ्याकडे येतात, त्यांच्या दारांत मी हिरवी पडलेली तांब्याची कॉइल पाहिली आहे. दाराच्या आत पाणी जाणं हा बिघाड नाही. काचेच्या रबरामधून ते आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, दाराची रचनाच तशी असते. पॅनलच्या मागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद त्या पाण्याला गाडीत येऊ देत नाही. स्पीकर बसवताना तो कागद फाडून फेकून देणारे लोक आहेत, आणि मग पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला का, याचं उत्तर कुणाला सापडत नाही. कागद परत चिकटवायचा. डबी शक्यतो दारात न ठेवता पायाजवळच्या बाजूच्या पॅनलमागे कोरड्यात बसवायची, दोन स्क्रूंनी घट्ट, खडखडणार नाही अशी. त्यात एक अडचण आहे. दारात जाणाऱ्या वायरी रबरी नळीतून किंवा कपलरमधून जातात, आणि डबी आत ठेवली की वूफरसाठी नवी जोडी त्या वाटेनं ओढावी लागते. वेळ लागतो. कपलरच्या अंगाला ड्रिल मारून वाट काढणं हा उपाय नाही, त्याच कपलरमधून काच वर-खाली करणाऱ्या मोटरच्या आणि लॉकच्या वायरी जातात. मोकळी पिन असेल तर ती वापरायची. नसेल तर डबी दारातच, पण कागदाच्या कोरड्या बाजूला आणि वरच्या अंगाला.

जागा निवडताना चुंबकाचाही विचार करावा लागतो. डबी वूफरच्या चुंबकाला चिकटून नको, आणि लोखंडी पत्र्यावर थेट टेकवूनही नको, कारण शेजारच्या लोखंडानं हवेतल्या कॉइलचा आकडा बदलतो. खाली थोडा फोम किंवा प्लास्टिकची पट्टी पुरते. चांगल्या डबीत दोन कॉइल एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या दिसतात, ते एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरू नये म्हणून. काही डब्यांत एक छोटा दिवाही असतो. तो सजावटीचा नाही. ट्वीटरकडे अती ताकद गेली की तो तापून उजळतो, त्याचा अडथळा वाढतो आणि ट्वीटर वाचतो.

अधिक-वजाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गाणं बिघडतं ते बहुतेक वेळा इथंच. डाव्या दारातला वूफर सरळ आणि उजव्यातला उलटा जोडला गेला, तर एकाचा कागद बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, हवा आपसातच सरकते आणि बास गायब होतो. तपासायला डेकमधला बॅलन्स पूर्ण एका बाजूला फिरवा. एकच बाजू वाजताना बास वाढल्यासारखा वाटला तर नक्की कुठंतरी उलटं झालं आहे. वूफर सरळ आहे का हे बघायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. आधी डेककडच्या वायरी सोडवायच्या, मग सेलचं अधिक टोक वूफरच्या अधिकला, वजा वजाला, क्षणभर टेकवायचं. कागद बाहेर आला तर खूण बरोबर. ट्वीटरवर हा प्रयोग करू नये. त्याचा पडदा हलताना दिसत नाही, आणि डबीमार्गे केला तर कपॅसिटर सेलची वीज जाऊच देत नाही.

ट्वीटरची गोष्ट वेगळी आहे. १२ डेसिबलच्या उतारात वाटणीच्या जागी वूफरकडे जाणारा आणि ट्वीटरकडे जाणारा सूर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध होतात. तसेच सोडले तर ते एकमेकांना खातात आणि सांध्यावरच खड्डा पडतो. म्हणून अशा डबीत ट्वीटर मुद्दाम उलटा जोडतात. हेवलेट-पॅकार्डमधले दोन इंजिनिअर, सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली, यांनी १९७६ साली या सांध्याचं गणित असं मांडलं, की दोन्ही स्पीकरांची बेरीज वाटणीच्या जागीही सपाट यावी. त्या दोघांच्या नावाचे फिल्टर आज जगभर वापरात आहेत. बऱ्याच कंपन्या हे उलटणं डबीच्या आतल्या पट्टीवरच करून ठेवतात, म्हणून सुरुवात कायम छापलेल्या खुणांप्रमाणे करायची.

सुरुवात म्हटलं, कारण कारखान्यातलं गणित दोन्ही स्पीकर जवळजवळ आहेत असं धरतं. गाडीत वूफर गुडघ्याजवळ आणि ट्वीटर आरशाजवळ. कानापासूनच्या दोघांच्या अंतरात २० सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि ३००० हर्ट्झची लहर जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरची. सूर कानाशी पोचेपर्यंत कोण सरळ आणि कोण उलटा हे कागदावर ठरवता येत नाही. मी दोन्ही करून ऐकते. ट्वीटरच्या दोन वायरींची अदलाबदल करायची, तोच आवाज, तीच जागा, तेच गाणं. ज्या जोडणीत गळा भरलेला आणि एका ठिकाणाहून येतोय असं वाटेल, ती ठेवायची. पण एका बाजूला बदल केला की दुसऱ्या बाजूला आपोआप तोच करू नका, दोन्ही बाजू स्वतंत्र ऐका आणि शेवटी एकत्र ऐका. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्याला उजवा ट्वीटर जवळ आणि डावा लांब. दोन्हींचं उत्तर सारखं यायलाच पाहिजे असं काही नाही.

गुरुजींच्या गाडीत त्या स्पीकरांच्या मूळ डब्या मागवून बसवल्या आणि जवारी परत आली. तरी ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, “गाणारीचं तोंड इथं आहे,” आणि गुडघ्याकडे बोट केलं, “आणि दात तिथं.” बोट काचेकडे. इतकं नेमकं निदान मला कुठल्याही यंत्रानं दिलं नसतं. ट्वीटर काचेजवळ असल्यामुळे काचेवरून परतणारा आवाजही त्यात मिसळत होता, आणि स-श टोचत होते. डबीत यासाठी सोय असते. छोटा जंपर शून्यावरून उणे ३ डेसिबलवर नेला की ट्वीटरची ताकद निम्मी होते. तो उणे ३ वर नेला, उजव्या ट्वीटरच्या वायरी उलटवल्या, आणि ट्वीटर काचेकडून थोडा आत, दोन्ही सीटच्या मधल्या जागेकडे वळवला. मग अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी लावली. मिरजेत राहिलेल्या या गवयाच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो आहेत, डाव्या-उजव्यात काहीच फरक नाही, म्हणून गळा डॅशबोर्डच्या मध्यावर एकाच जागी उभा राहिला पाहिजे. तो राहिला. गुरुजींनी डेकचा आवाज कमी केला आणि कमी आवाजातही शब्द कळतात का ते पाहिलं. माझ्याही पद्धतीत ही पायरी आहे. मोठ्या आवाजात खूप दोष झाकले जातात.

ॲम्प्लिफायर आणि सबवूफर यांच्याबद्दल थोडक्यात. ८० हर्ट्झवर अशीच पॅसिव्ह वाटणी करायची म्हटली तर ४ ओहमला ८ मिलिहेन्रीची कॉइल आणि सुमारे ५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागेल. कॉइल मुठीपेक्षा मोठी, जड आणि महाग होते, तापून ताकद खाते. म्हणून खालची वाटणी ॲम्प्लिफायरमधल्या किंवा डेकमधल्या इलेक्ट्रॉनिक फिल्टरनं करावी: दारातल्या स्पीकरांना ८० हर्ट्झच्या खालचं बंद, सबवूफरला वरचं बंद. वरची वाटणी डबीकडे राहू द्या. बॅटरीवरून येणाऱ्या जाड वायरीवर फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच, कारण तो ॲम्प्लिफायरसाठी नसतो, वायर कुठं घासून पत्र्याला लागली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. ती वायर गाडीच्या एका बाजूनं न्यायची आणि डेककडून ॲम्प्लिफायरला जाणारी सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूनं, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते.

आता प्रोसेसर आले आहेत. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र चॅनल, प्रत्येकाला मिलिसेकंदाच्या अंशात उशीर लावता येतो, डबीची गरजच उरत नाही. ज्याला परवडतं आणि ज्याच्याकडे ते लावून देणारा जाणता माणूस आहे, त्यानं जरूर करावं. पण त्यात ट्वीटर थेट ॲम्प्लिफायरला जोडला जातो, मधे कपॅसिटर नसतो, आणि सेटिंग एकदा चुकलं की तो गेला. बहुतेक घरांतल्या गाडीला दोन चॅनलचा साधा ॲम्प्लिफायर, एक बरा संच आणि त्याच संचाची नीट बसवलेली डबी पुरते. जोडलेल्या पैशातून गाडी घेणाऱ्या माणसाला मी हेच सुचवते.

पॅनल बंद करण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. मीटर ओहमवर लावून डबीच्या वूफरच्या स्क्रूवर, वायरी सोडवून, स्पीकरकडे जाणारी जोडी मोजा. ४ ओहमचा वूफर मीटरवर ३ ते साडेतीनच्या आसपास दिसतो, ते बरोबर आहे. शून्य दिसलं तर वायर कुठंतरी चेंगरली आहे. प्रत्येक टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्येही मोजा, तिथं काहीही दिसता कामा नये. आणि काच पूर्ण खाली घेऊन बघा. वूफरचं चुंबक काचेच्या वाटेत येत असेल तर ते आत्ताच कळू द्या, स्पीकरखाली लाकडाची नाहीतर प्लास्टिकची जाड रिंग घातली की प्रश्न मिटतो.